घरची हत्यारे आणि डबीतला ठेवा

माझ्या टेबलाच्या खणातली हत्यारे भंगारवाल्याच्या तराजूत टाकली, तर चहापुरते पैसेही यायचे नाहीत. मोडक्या छत्रीच्या काड्या, सायकलचा एक स्पोक, शिवणयंत्राच्या सुया, दवाखान्यातून मागून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या, पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा आणि हवा मारायचा रबरी फुगा. एवढ्या सामग्रीवर मी नारायणगावात बसून लोकांच्या संगणकातल्या हार्ड डिस्क उघडतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक दिसते, आणि पाठोपाठ ‘आपली डिस्क काही ह्यांच्याकडे द्यायची नाही’ हा निश्चय. तो निश्चय बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो. कधी नसतो, ते पुढे सांगतो.

ही विद्या मला घड्याळांकडून मिळाली. वडील जुन्नरला घड्याळे दुरुस्त करीत. पुण्याहून हत्यार मागवायचे म्हणजे आठ दिवस जायचे, आणि आले तरी नेमके हवे ते येईलच असे नाही. तेव्हा हत्यार घरीच करायचे, हा रिवाज. छत्रीची काडी हे त्यांचे लाडके पोलाद. काडी तापवून ठोकून चपटी करायची, कानशीने टोक काढायचे, पुन्हा लाल करून तेलात बुडवायची आणि मग मंद आचेवर धरून तिच्यावर रंग कसा चढतो ते पाहायचे. पिवळसर रंगावर ओढून घेतली तर टोक काचेसारखे तडकते. निळ्याच्या पुढे गेली तर मऊ पडते. निळा रंग चढला की त्याच क्षणी काढायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, शेगडी मोकळी करा, कुकर लावायचाय!” आणि वडील म्हणायचे, “थांब गं, निळी होऊ दे.” आमच्या घरात उशिरा जेवण्याचे ते एक मान्य कारण होते.

जुन्नरच्या माणसाने नोंदी टिकवण्याच्या धंद्यात यावे, हे तसे परंपरेला धरूनच आहे. गावापासून काही कोसांवर नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षे भिंतीवर आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, त्याचे आकडे त्यात आहेत, आणि जिथे दगड झिजलेला नाही तिथे ते आजही वाचता येतात. पुढे जुन्नरच्या कागद्यांनी केलेला हातकागद प्रसिद्ध होता. तो नीट ठेवला तर दोन-तीनशे वर्षे टिकतो. आणि आता आपण आपले लग्न, बारसे, सातबाराचे उतारे, आजीचा आवाज असे सगळे एका डबीत ठेवतो, जी पाच-सात वर्षांनी कुरकुरू लागते.

ह्या डबीत असते काय? वाचकांनी ग्रामोफोन पाहिला असेल, निदान चित्रात. तसेच समजा. आत आरशासारखी चकचकीत तबकडी, कधी एक, कधी अनेक. तिच्यावर एक हात झुलतो आणि हाताच्या टोकाला सुईच्या जागी हेड असते. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासते, हेड मात्र घासत नाही. तबकडी फिरताना जी हवा तिच्याबरोबर ओढली जाते, त्या हवेच्या गादीवर हेड तरंगते. किती उंचीवर? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले मोजके काही भाग. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड, आणि विडीच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीच्या मानाने धोंडा. टेबलावरच्या संगणकातली ९५ मिलिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे पळत असते. अशा वेगात असा धोंडा आडवा आला तर काय होईल ते सांगायला नको.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या. वजन टनाच्या घरात, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरे. आज खिशात मावणाऱ्या डबीत त्याच्या लाखो पटींनी मावते. त्यामागे मोठे विज्ञान आहे. आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग ह्या दोघांनी १९८८ मध्ये चुंबकीय पातळ थरांचा जो गुण शोधला, तो दहा वर्षांच्या आत डिस्कच्या हेडात जाऊन बसला आणि २००७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा वस्तूपुढे छत्रीच्या काडीची काय प्राज्ञा?

ह्याचे उत्तर मला खोडदच्या दुर्बिणींपाशी सापडले.

नारायणगावहून दहा-बारा किलोमीटरवर खोडद. तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, पाहिली नसेल तर मुलांना घेऊन जरूर पाहा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली करतात आणि शाळांची मुले आपापली घरी केलेली उपकरणे तिथे मांडतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप ह्यांनी त्या उभ्या केल्या. ह्याच गृहस्थांनी ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या लहान तबकड्या कल्याणला मांडून १९६५ मध्ये आपल्याकडची पहिली रेडिओ दुर्बीण चालवली आणि १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उताराचाच उपयोग करून ५३० मीटर लांबीची दुसरी उभारली. २०२० साली ते गेले.

एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर वजन आणि वाऱ्याचा मारा ह्यांनी खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूपांनी पोलादी नळ्यांच्या सोळा कमानींमध्ये तारांचे दोर ताणले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड अशा पोलादी तारेची जाळी बसवली. जाळीची भोके दहा ते वीस मिलिमीटरची. वारा आरपार जातो. पण जे रेडिओतरंग पकडायचे ते वीस सेंटिमीटरपासून कित्येक मीटर लांबीचे, त्यांना ही भोके दिसतच नाहीत. त्यांच्या लेखी तो सपाट पत्राच. दुर्बिणीखाली उभे राहून वर पाहिले की आभाळ दिसते, आणि मनात येते की ह्या माणसाला बारकावा कुठे हवा आणि कुठे नको, हे पक्के ठाऊक होते. पैसा वाचला तो त्या जाणण्यामुळे.

डिस्कचेही तसेच आहे. सगळी अचूकता त्या डबीतच तयार आहे. माझ्या हत्याराने ती निर्माण करायची नाही. असलेली मोडायची नाही, एवढेच त्याचे काम. ते काम एक्स-रे फिल्मची पट्टीही करू शकते.

आता हत्यारांकडे येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेड वेगळी ठेवण्याची फणी. तबकडीच्या वर एक हेड, खाली एक. दोन्ही पातळ स्प्रिंगच्या पात्यांवर बसवलेली आणि एकमेकांकडे दाबलेली. मध्ये तबकडी आहे तोवर ठीक. हात बाहेर काढताना तबकडी मधून गेली की ती दोन हेड टाळी वाजवावी तशी एकमेकांवर आपटतात आणि संपतात. म्हणून हात सरकवण्याआधीच त्यांच्या पात्यांमध्ये काहीतरी घालावे लागते. बाजारात प्रत्येक जातीच्या डिस्कसाठी वेगळी फणी मिळते. ती महाग असते, आणि घाईच्या वेळी आपल्याला हवी ती नसतेच. मी एक्स-रे फिल्म कोमट पाण्यात भिजवून तिच्यावरचा काळा थर पुसून काढतो. खाली राहते ती स्वच्छ, लवचीक पट्टी. ती जिभेसारखी कापायची, तिच्या कडा नखाला लागणार नाहीत इतक्या घासायच्या आणि दुमडून तिला बेताची उसळी द्यायची. ही जीभ पात्यांमध्ये, हेडच्या जरा मागे टेकली पाहिजे. हेडला लागली तर सगळा खटाटोप वाया. पट्टीची लांबी-रुंदी थोडी कमीजास्त चालते. जाडी आणि कडेचा गुळगुळीतपणा मात्र चालत नाही. एका फणीला माझा अर्धा दिवस जातो. त्यातला पाऊण वेळ कडा घासण्याचा.

स्क्रूंना तारेच्या आकाराची सहा टोकांची खाच असते आणि एखादा हमखास लेबलाखाली दडलेला असतो. पूर्वी मी स्पोक घासून त्याचे पेचकस केले होते. आता ते सोडून दिले आहे. चांगले पेचकस थोडक्या पैशांत मिळते आणि घरचे घसरले तर स्क्रूचे तोंड जाते. जे विकत चांगले मिळते ते घरी करू नये. हौस म्हणून केले तर ते देव्हाऱ्यात ठेवावे, डिस्कला लावू नये.

पाइपाचा तुकडा अनेक तबकड्यांच्या डिस्कसाठी. मोटर जाम झाली की सगळ्या तबकड्या दुसऱ्या डबीत हलवाव्या लागतात, आणि हलवताना एकही तबकडी दुसरीच्या मानाने केसभरसुद्धा फिरता कामा नये. तशी फिरली तर डिस्क पुन्हा वाचली जाणे जवळजवळ अशक्य. म्हणून पाइप उभा चिरून, आतून मऊ रबर लावून, तो कड्यासारखा तबकड्यांभोवती बसवायचा आणि बाहेरून क्लिप आवळायची, म्हणजे सगळी चळत एकदम उचलता येते. हे काम मी फार थोड्या वेळा केले आहे आणि पुन्हा करायची वेळ येऊ नये असे वाटते.

आणि मग धूळ. नारायणगावात टोमॅटोचा बाजार, मंचरला कांद्याचा. हंगामात रस्त्यावरून कांद्याच्या साली उडत असतात. अशा हवेत डिस्क उघडणे म्हणजे खळ्यावर बसून डोळ्याचे ऑपरेशन करण्यासारखे. म्हणून मंचरच्या एका सुताराकडून मी लाकडी पेटी करून घेतली. पुढे काच, काचेखाली हात घालायला जागा, आणि मागे पंखा व हेपा जातीची गाळणी. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ अडवते. गाळलेली हवा मागून सतत माझ्याकडे वाहत राहते, त्यामुळे माझ्या अंगावरची धूळ आत जात नाही. सुताराने विचारले, “ह्यात पिल्लं उबवायची काय?” मी म्हणालो, “तसंच समजा.” काम सुरू करण्यापूर्वी दिवे घालवून टॉर्चचा झोत आत टाकतो. झोतात एकही कण नाचताना दिसला की आणखी अर्धा तास पंखा. झोतात न दिसणारे कणही असतातच, म्हणून ही पेटी म्हणजे खऱ्या स्वच्छ खोलीची गरीब चुलत बहीण. थोडा वेळ डिस्क चालवून आतले उतरवून घ्यावे, इतपतच तिचा भरवसा.

पण सांगायची गोष्ट अशी, की बिघडलेल्या कितीतरी डिस्क उघडाव्याच लागत नाहीत. लॅपटॉपचा चार्जर चुकून बाहेरच्या डिस्कला लावला, की बारा व्होल्टच्या जागी एकोणीस जातात आणि डिस्क मरते, असे लोक समजतात. खरे पाहता बोर्डावरचा एक राखणदार डायोड स्वतःचा बळी देऊन बाकीच्यांना वाचवतो. मीटरने तपासून तो काढला, की बहुधा डिस्क फिरू लागते. मग आतले सगळे दुसरीकडे घ्यायचे आणि तिला निवृत्त करायचे. ह्या कामाला दहा मिनिटे लागतात, आणि घरच्या मंडळींना वाटते की मी जादू केली. नुसता बोर्ड बदलून भागेल असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापे बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असतात, तीही जुन्यावरून नव्यावर न्यावी लागते.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, हातावर आपटा, असले उपाय पुष्कळजण सांगतात. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या तांब्यावर पाणी सुटते ते सर्वांनी पाहिले आहे. तेच पाणी तबकडीवर सुटते.

तबकडी शाबूत असेल तर काय होऊ शकते, ह्याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परत येताना टेक्ससच्या आकाशात फुटले आणि कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्या यानात झेनॉन वायूच्या प्रयोगाची नोंद असलेली एक हार्ड डिस्क होती. ती एका कोरड्या तळ्याच्या पात्रात जळक्या, वितळलेल्या स्थितीत सापडली. तज्ज्ञांनी तबकड्या रसायनाने धुऊन दुसऱ्या डबीत बसवल्या आणि शेकडा ९९ नोंदी परत मिळवल्या. त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये छापून आला. उलट, घरातल्या घरात टेबलावरून पडलेली डिस्क ‘टक् टक्’ वाजत असताना कोणी रात्रभर चालू ठेवली, तर हेड तबकडीवरचा थर खरवडून काढते. त्या भुकटीतून मग जगातला कोणताही तज्ज्ञ काही वाचू शकत नाही.

गेल्या वर्षी आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावच्या पलीकडून, पन्नाशीचे एक गृहस्थ आले. रुमालात गुंडाळलेली अडीच इंची डिस्क. माळ्यावरून पडली होती. त्यांचे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवीत. पाडव्यानंतर जत्रांची सुपारी द्यायला गावोगावचे पंच नारायणगावात फडांच्या राहुट्यांवर येतात, त्या राहुट्यांत त्यांची हयात गेली. त्यांच्या वादनाच्या सत्तावीस कॅसेटी होत्या. त्या कोणीतरी डिस्कवर उतरवून दिल्या, आणि मग घर आवरताना कॅसेटी गेल्या.

मी त्यांना पुण्याच्या प्रयोगशाळेत जायला सांगितले. तिथे खरी स्वच्छ खोली असते, सगळ्या फण्या असतात. ते जाऊन आले होते. खर्चाचा आकडा त्यांच्या वर्षाच्या कांद्याएवढा होता.

“कोणी उघडलीय का ही?” मी विचारले.

“नाही भाऊ. एकदा लावली, टक् टक् वाजली, तवाच काढली.”

“माझ्याकडं येईलच असं नाही. माझ्या हातून गेली तर मग पुण्यालाही काही होणार नाही. हे नीट ऐका.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ह्याच्यात बाबांचा हात आहे. बाकी काही नाही आलं तरी चालंल. तुम्ही उघडा.”

अशा वेळी हत्यार कितीही चांगले असो, हात जड होतो. मी आठ दिवस ती उघडली नाही. त्याच जातीची, जवळपासच्या तारखेची दुसरी डिस्क शोधत होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली पहिली जुळली नाही, दुसरी जुळली. दोन नव्या फण्या केल्या आणि चार मेलेल्या डिस्कवर त्या चालवून पाहिल्या. मग एका पावसाळी पहाटे, हवेत धूळ कमी असते तेव्हा, पेटीत हात घातले. जुन्या हातावरचे खालचे हेड वाकडे झाले होते. तबकडीवर कडेला एक बारीक ओरखडा होता, बाकी आरसा स्वच्छ. दुसऱ्या डिस्कचे हेड बसवायला चाळीस मिनिटे लागली.

डिस्क फिरली. टक् टक् नाही. आता घाई करायची नाही, एक-एक फाइल उघडून पाहायची नाही. आंतोनियो दियास दियास ह्यांनी लिहिलेली ‘डीडीरेस्क्यू’ नावाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. ती आधी सोपा भाग उचलते, अवघड जागा सोडून पुढे जाते, सोडलेल्या जागांची वही ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. समजूतदार विद्यार्थी प्रश्नपत्रिका सोडवतो तशी. तीन रात्री ती चालली. वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरने सांभाळले. चौथ्या दिवशी दुपारी नवे हेडही दमले.

सत्तावीसपैकी एकोणीस मिळाल्या. ते गृहस्थ आले, मी पहिली लावली. दुकानातल्या छोट्या स्पीकरवर ढोलकी वाजू लागली. ते मान खाली घालून ऐकत होते. मिनिटभराने म्हणाले, “हे बाबा नाहीत. ते दुसरे, त्यांच्या जोडीचे.” माझ्या पोटात खड्डा पडला. दुसरी लावली. तिसरी लावली. तिसरीत चार-सहा थापा पडल्या आणि त्यांनी हात वर केला. बोलले काहीच नाहीत. शेवटपर्यंत ऐकली. मग दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. एक त्यांच्याकडे राहिली, दुसरी पुण्याला बहिणीकडे जायची होती. आठ कॅसेटी कायमच्या गेल्या, त्यांची नावे त्यांनी डिस्कच्या पाकिटावर पेनाने लिहून घेतली.

जुनी नोंद ठेवण्याचे मोल खोडदच्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. तिथे २०१० ते २०१२ मध्ये आकाशाची जी पाहणी झाली, तिच्या कच्च्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या रीतीने त्यांचे गणित पुन्हा मांडले आणि २०१७ मध्ये त्यातून सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी हाती आली.

माझ्या छत्रीच्या काड्यांना आता काम कमी होत चालले आहे. मोठ्या डिस्क हेलियम भरून झाळून बंद केलेल्या येतात, त्या घरच्या पेटीत उघडून पुन्हा चालवायची सोय नाही. लॅपटॉपमध्ये तर तबकडीच नसते, सगळ्या चिपा. तरी पॉलिटेक्निकची मुले सुट्टीत येऊन बसतात. त्यांना मी आधी पंधरा मेलेल्या डिस्क उघडायला देतो, आणि पंधराव्वीतली दोन्ही हेड एकमेकांना न लागता बाहेर आली, तरच सोळावीबद्दल बोलतो. बहुतेकजण सहावी-सातवीलाच कंटाळतात. जाताना आतली चुंबके मागून नेतात. ती भलती जोरदार असतात. आमच्या शेजारच्या शिंप्याकडे अशी दोन आहेत, दिवसाअखेर ती जमिनीवरून फिरवली की सांडलेल्या सगळ्या टाचण्या गोळा होतात.